जऊळक्याहून खांदेरी-उंदेरीस

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें आहेत. त्यांपैकीं समुद्र पाहिलेलीं सहा, होडींत बसलेलीं तीन, आणि समुद्राला मनापासून भ्यालेला एक. हा शेवटला मनुष्य म्हणजे प्रस्तुत लेखक. असें असतां येत्या माघांत सगळ्या कुटुंबास समुद्रांतील बेटांवर नेण्याची योजना मींच आंखावी, हें वाचकांस विसंगत वाटेल. मलाही कांहीं दिवस तें तसेंच वाटत होतें.

जऊळका हें आमचें गांव वाशीम जिल्ह्यांत, अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे. सभोंवार सोयाबीन, तूर आणि कपाशी. पाणी म्हणजे विहिरीचें, नळाचें, नाहीं तर पावसाळ्यांत नाल्याला येणाऱ्या लोंढ्याचें. खाऱ्या पाण्याशीं आमचा परिचय लोणारच्या सरोवरापुरता. अशा गांवांत बेटांचा विषय निघाला तो एका पत्रामुळें. माझा पुतण्या नोकरीनिमित्त स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें असतो. तो सहकुटुंब ऑर्क्नी नांवाच्या द्वीपसमूहास जाऊन आला आणि त्यानें छायाचित्रांसह एक लांबलचक पत्र धाडलें. स्कॉटलंडच्या उत्तर टोंकापलीकडे, एकोणसाठाव्या अक्षांशावर हीं सुमारें सत्तर बेटें पसरलीं आहेत. वस्ती त्यांतील वीसेक बेटांवर. तेथें स्कारा ब्रे म्हणून एक जागा आहे. १८५० सालीं मोठें वादळ झालें, वाळू उडून गेली आणि खालून दगडी घरें उघडीं पडलीं. तीं निघालीं पांच हजार वर्षांपूर्वींचीं. आंत दगडाचेच पलंग आणि दगडाच्याच मांडण्या. ज्येष्ठाच्या सुमारास तेथें दिवस साडेअठरा तासांचा होतो. सायंसंध्या केव्हां करावी, असा प्रश्न मीं उलट टपालीं विचारला होता. त्याचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं.

त्या पत्रांतील एक मजकूर मात्र आमच्या घरांत फार गाजला. हीं बेटें पूर्वीं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडे होतीं. १४६८ सालीं त्यानें आपल्या मुलीचें लग्न स्कॉटलंडच्या राजाशीं ठरविलें. कबूल केलेला हुंडा रोख देतां येईना, म्हणून त्यानें बेटें व्याह्यांकडे गहाण टाकलीं. रक्कम फिटली नाहीं आणि बेटें परत गेलीं नाहींत. हें ऐकून आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे व्याह्यांचें सगळीकडे सारखेंच कीं हो, भाऊजी."

पुतण्यानें आग्रह केला होता कीं, काका, तुम्ही सगळीं या. आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. सगळीं राहोत, चौघांचेंच विमानभाडें, व्हिसा आणि लोंकरीचे कपडे मांडले, तेव्हां माझें वर्षाचें निवृत्तिवेतन त्यांत जवळजवळ बुडालें. तेवढ्यांत वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. माझे थोरले बंधु जाऊन अकरा वर्षें झालीं. या घरांत त्या सून म्हणून आल्या त्याला साठ वर्षें होऊन गेलीं. पंढरपूर, नाशिक आणि एकदां काशी यांपलीकडे त्या कोठें गेल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "सातासमुद्रांपलीकडचें राहूं द्या. मीं अजून एकही समुद्र पाहिला नाहीं."

चौघांचा हिशेब ज्या कागदावर होता, तो मीं उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूस 'खांदेरी' असें लिहिलें.

हें नांव एकाएकीं सुचलें असें नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. अकरा महाराष्ट्रांतले आणि एक तमिळनाडूंतील जिंजी. त्या दिवशीं नातवंडांनीं मला बारा नांवें म्हणून दाखविलीं. रायगड, प्रतापगड, पन्हाळा हीं त्यांना ठाऊक होतीं, सिंधुदुर्ग पाठ्यपुस्तकांतला, पण खांदेरीशीं येऊन सगळीं अडखळलीं. "आजोबा, खांदेरी कोठें आहे?" मींही नकाशा काढला तेव्हां सांगूं शकलों. मुंबईच्या दक्षिणेस सुमारें वीस किलोमीटरांवर, अलिबागच्या उत्तरेकडील थळ या गांवासमोर समुद्रांत दोन बेटें आहेत. किनाऱ्याजवळचें तें उंदेरी, त्यापलीकडचें, खोल पाण्यांतलें तें खांदेरी. दोहोंमध्यें अंतर सुमारें दीड किलोमीटर. आपल्याकडच्या बेटांत हीं उत्तर कोंकणचीं. मुंबईस रोज लाखों माणसें उतरतात, पण यांच्याकडे वळणारा विरळा. नेमानें जाणारी होडी नाहीं, मुक्कामाची सोय नाहीं, आणि पावसाळ्याचे चार महिने तर समुद्रच बंद. ऑर्क्नीला मोठ्या आगबोटी वेळापत्रकाप्रमाणें जातात. त्या हिशेबानें पाहिलें तर आमचीं बेटेंच अधिक दुर्गम म्हणावीं लागतील.

मुलांना नुसता किल्ला दाखवून भागत नाहीं, तेथें काय घडलें तें आधीं सांगावें लागतें. म्हणून गेले दोन महिने रात्रीच्या जेवणानंतर मी थोडें थोडें सांगत आहें. सारांशानें येथेंही देतों.

मुंबई इंग्रजांची, दंडाराजपुरीचा जंजिरा सिद्द्याचा. सिद्द्याचें आरमार पावसाळ्यांत मुंबई बंदराचा आसरा घेई आणि पाऊस सरला कीं आपल्या मुलखास उपद्रव देई. या दोघांच्या मधोमध पाय रोवायचा तर जागा एकच, खांदेरी. १६७२ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं तसा प्रयत्न करून पाहिला होता. इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळें तो तेव्हां सोडावा लागला. पुढें १६७९ च्या ऑगस्टांत, भर पावसाळ्यांत, मायनाक भंडारी शें-दीडशें माणसें व थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्यानें तटाचे दगड रचावयास आरंभ केला. ऐन श्रावण-भाद्रपदांत, ज्या समुद्रांत कोळीसुद्धां होडी घालीत नाहींत, त्या समुद्रांत दगड-चुना वाहून नेला, हें वाचतांना मी थबकलों. इंग्रजांनाही तें खरें वाटेना. तुम्ही बेट सोडा, असा त्यांनीं निरोप धाडला. मालकाच्या आज्ञेवांचून सोडतां येत नाहीं, असें उत्तर आलें.

मग इंग्रजांनीं बेटाला वेढा दिला. १९ सप्टेंबर १६७९ रोजीं त्यांच्या एका अधिकाऱ्यानें बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. तो आणि त्याचीं कांहीं माणसें तेथेंच पडलीं. १८ ऑक्टोबरास दौलतखान मराठ्यांचें आरमार घेऊन आला आणि भर समुद्रांत लढाई जुंपली. 'डव्ह' नांवाचें इंग्रजांचें गलबत मराठ्यांनीं धरलें. 'रिव्हेंज' हें त्यांचें मोठें जहाज मात्र एकटें टिकून राहिलें आणि त्याच्या तोफांपुढें मराठ्यांच्या नौकांना माघार घ्यावी लागली. हेंही मी मुलांना सांगतों. नुसतें आपलें यश सांगावयाचें आणि दुसऱ्याचें गाळावयाचें, ही गोष्ट शिक्षकानें करूं नये. परंतु त्या लढाईनें बेटाचें काम थांबलें नाहीं. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यांतून, रात्रींच्या अंधारांत, थळ-नागांवच्या बाजूनें निघत आणि अन्न, दारूगोळा व माणसें बेटावर पोंचवून परत येत. इंग्रजांचीं जहाजें मोठीं. त्यांना त्या पाण्यांत शिरतां येईना आणि ह्या होड्या पकडतां येईनात. त्यांच्याच पत्रव्यवहारांत ही तक्रार नमूद आहे. अखेर १६८० च्या आरंभीं त्यांनीं समेट करून जहाजें हालविलीं.

इकडे सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीस म्हणून आला होता. बेट जिंकलें तर हाच तें गिळील, अशी इंग्रजांना मनांतून धास्ती. खांदेरी मिळत नाहीं असें पाहून त्यानें जानेवारी १६८० मध्यें शेजारचें उंदेरी बळकाविलें आणि त्यावर आपला तट उभारला. तेथपासून सुमारें ऐंशीं वर्षें, उंदेरी मराठ्यांच्या हातीं येईपर्यंत, हीं दोन बेटें एकमेकांवर तोफा रोखून समोरासमोर उभीं होतीं. वारसा-यादींत खांदेरी आहे, उंदेरी नाहीं. पण उंदेरी न पाहतां खांदेरी पाहणें म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यांत एकाच पक्षाचा अर्ज वाचण्यासारखें होईल. म्हणून होडीवाल्यास मीं आधींच विचारून ठेविलें आहे कीं, उतरतां आलें नाहीं तरी उंदेरीला वळसा घालून न्यावें.

महाराजांचें निर्याण ३ एप्रिल १६८० चें. म्हणजे खांदेरी हें त्यांच्या शेवटच्या कामांपैकीं एक. ज्या मनुष्याच्या नांवाशीं आपण डोंगर जोडतों, त्याचें अखेरचें वर्ष समुद्रांतल्या एका खडकासाठीं खर्ची पडलें, ही गोष्ट मला शाळेंत असतांना कोणीं सांगितली नव्हती, आणि मींही तीस वर्षांत कोणास सांगितली नाहीं.

पुढें बेट आंग्र्यांकडे आलें. १७१८ सालीं मुंबईच्या इंग्रजांनीं कान्होजी आंग्र्यांकडून तें घेण्याचा मोठा प्रयत्न केला, तोही फसला. १८१८ मध्यें पेशवाई गेली, तेव्हां तें इंग्रजांकडे गेलें. १८६७ सालीं त्यांनीं तेथें दीपगृह बांधलें. तें आजही चालू असून कान्होजी आंग्र्यांचें नांव त्याला दिलेलें आहे. बेटावर दोन टेकड्या. मोठीवर दीपगृह, दोहोंच्या मधल्या सखल भागांत धक्का, आणि जवळच वेताळाचें ठाणें. किनाऱ्यावरचे कोळी त्याला फार मानतात. तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या तोफा अजून आहेत. एक शिळा अशी आहे कीं, दगडानें ठोकली असतां भांड्यासारखी वाजते. मुलांचें सगळें लक्ष या शिळेवर आहे. दौलतखानाचें नांव तीं विसरतील. शिळा विसरणार नाहींत.

आतां प्रवासाकडे वळूं. अकोल्याहून रात्रीच्या गाडीनें मुंबई, सुमारें ५८० किलोमीटर. मुंबईहून मांडव्यास जलमार्गानें जावें. गेटवेहून लाँच जाते; त्याशिवाय २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही सुरू झाली आहे. घरांत वृद्ध माणूस असेल त्यानें ही मोठी बोट घ्यावी असें माझें मत आहे, कारण तिच्यांत मोटार आंत जाते आणि चढण्या-उतरण्याचा त्रास वांचतो. तास-सव्वा तासांत मांडवा, तेथून अर्ध्या-पाऊण तासांत अलिबाग. मुक्काम अलिबागेस. बेटावर दीपगृह असल्यामुळें तेथें सरकारी खात्याचा ताबा आहे. परवानगीची चौकशी आधीं करून मगच निघावें. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. सौभाग्यवतीनें दशम्या, मेतकूट आणि सुंठीच्या वड्या एवढेंच न्यावयाचें ठरविलें आहे. होडींत पोट भरून बसूं नये, असें तिला कोणीं तरी सांगितलें आहे आणि तें खरें असावें. आमच्यांतील तिघें येणार नाहींत: दहावीचा नातू, त्याची आई, आणि गुरें कोणीं तरी पाहिलीं पाहिजेत म्हणून माझा धाकटा भाऊ. नातवानें तीन दिवस अबोला धरला होता.

खरी पंचाईत तिकिटांची नव्हती, पाण्याची होती. आम्हां देशावरच्या माणसांचा समज असा कीं, समुद्र म्हणजे समुद्र. केव्हांही गेलें तरी तो आपला तेथेंच. तसें नाहीं. त्याच किनाऱ्यावर अलिबागसमोर कुलाबा किल्ला आहे. त्याचें काम महाराजांच्या अखेरीस सुरू झालें आणि संभाजीमहाराजांनीं तें पुरें केलें. त्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्यावांचून नुसते एकावर एक बसविलेले आहेत. लाट आली कीं पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथल्या तेथें जिरतो. आंत राघोजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधलेलें गणपतीचें देऊळ आहे. हा किल्ला ओहोटीच्या वेळीं पायीं जाऊन पाहतां येतो आणि भरतीच्या वेळीं तो बेट होतो. म्हणजे खांदेरीला जावयास पाणी हवें, कुलाब्याला जावयास पाणी नको. वहिनींच्या गुडघ्यांकडे पाहतां होडी किनाऱ्याला लागलेली असावी. ओहोटींत चिखल आणि खडक तुडवीत होडीपर्यंत जाणें त्यांना झेपणार नाहीं. आणि देऊळ तर त्यांना पाहावयाचेंच आहे.

येथें पंचांग मदतीस आलें. कोंकणांतील लोक एक सोपा हिशेब वापरतात: तिथीचा जो अंक असेल त्याला पाऊणानें गुणावें, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमीला सहा वाजतां. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत एकच. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी आणि पुन्हां सहा तासांनीं भरती, म्हणजे दिवसांतून दोनदां. याचें कारण उघड आहे. समुद्र चंद्राच्या ओढीनें चढतो, चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागें पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेंत येते. पाणी फार चढतें आणि फार उतरतें, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास तें कमी चढतें, कमी उतरतें, तो भांग. वयाच्या आठव्या वर्षापासून मी पंचांग वाचीत आलों. तिथि, वार, नक्षत्र, योग, करण. तिथि ही समुद्राचें घड्याळ आहे, हें मला त्या पांच अंगांत कोठेंही दिसलें नव्हतें.

मीं हिशेब मांडला. माघ शुद्ध द्वादशीला सकाळीं नऊला भरती. आठला थळहून निघावें, पाणी भरलेलें असतांना खांदेरीला उतरावें, आणि दुपारचा वायव्येचा वारा सुटण्यापूर्वीं परतावें. दुसऱ्या दिवशीं त्रयोदशीला पावणेदहाला भरती, पावणेचारला ओहोटी. अडीचला पाणी उतरूं लागलेलें पाहून तीनच्या पुढें कुलाब्यास जावें आणि पांचाच्या आंत बाहेर यावें. एकादशीस खांदेरी केली असती तर वेळ आणखी सकाळची मिळाली असती, परंतु वहिनींचा निर्जळी उपास; त्या स्थितींत त्यांना होडींत बसवणें बरें नव्हे. म्हणून एकादशी प्रवासाची आणि विश्रांतीची.

हा कागद मीं मोठ्या आनंदानें वहिनींपुढें ठेविला. त्यांनीं चष्मा लावून तो वाचला आणि विचारलें, "भाऊजी, तिथि सूर्योदयाची धरलीत कीं त्या वेळेची?"

मी गप्प झालों. साठ वर्षें उपास-पारणीं, श्राद्धें आणि सणवार ज्यांनीं घटका-पळें पाहून सांभाळलीं, त्यांना ही शंका येणें स्वाभाविक; मला मात्र ती आली नव्हती. समुद्र सूर्योदयाची तिथि पाळीत नाहीं. चंद्र त्या क्षणीं आकाशांत जेथें असेल तेथून तो ओढला जातो. द्वादशी सूर्योदयाला असून आठ वाजतां संपत असली, तर माझ्या नऊच्या भरतींत पाऊण तासाचें अंतर पडावयाचें. त्याशिवाय पाऊणपटीचा हिशेबही ठोकळच. ठिकाणपरत्वें त्यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असतो. वरकड माणसाला पाऊण तास म्हणजे कांहींच नाहीं. मला तो किती असतो तें ठाऊक आहे, आणि हेंच सांगावयाचें मी आतांपर्यंत टाळीत होतों.

१९९४ सालीं मी एका शाळेंत नोकरीस असतां बत्तीस मुलांची सहल घेऊन अलिबागेस गेलों होतों. सकाळच्या ओहोटींत आम्ही चालत कुलाबा किल्ल्यांत शिरलों. वाळू ओली होती, एवढेंच. घोडागाडीवाला दोनदां आंत येऊन सांगून गेला, "गुरुजी, पाणी फिरलं, पोरं काढा बाहेर." मी तेव्हां आंग्र्यांचा इतिहास सांगत होतों. माझा विषय रंगला होता आणि मुलें ऐकत होतीं. हा गाडीवाला मला वेळ शिकविणार काय, असें मला वाटलें. मीं आणखी अर्धा-पाऊण तास घेतला. बाहेर आलों तेव्हां वाळू दिसत नव्हती. जातांना जेथें पायाचे तळवेही भिजले नव्हते, तेथें मध्यावर मुलांच्या कमरेला पाणी लागलें. एकमेकांचे हात धरा, असें मी ओरडत होतों. मध्येंच एका मुलाचा पाय घसरला आणि तो दिसेनासा झाला. किती वेळ, तें मला आजही सांगतां येणार नाहीं. त्याच गाडीवाल्यानें पाण्यांत उडी घेतली आणि त्याला शर्टाच्या कॉलरला धरून वर काढलें. मुलगा वांचला, त्याची एक चप्पल गेली. गाडीवाल्यानें माझ्याकडे पाहिलें आणि तो कांहीं बोलला नाहीं. गांवीं आल्यावर मीं मुलाच्या वडिलांस घरीं जाऊन सगळें सांगितलें. त्यांनीं मला चहा दिला. तो मुलगा आज चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे, शेती करतो, आणि बाजारांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेतांना मी नेहमीं दुसरीकडे पाहतों.

एकतीस वर्षें मी समुद्राकडे फिरकलों नाहीं, त्याचें कारण हें. घरांत हें फक्त सौभाग्यवतीस ठाऊक होतें. वहिनींच्या प्रश्नावर मी गप्प झालों तें पाहून तिनेंच सर्वांदेखत सांगितलें. मुलें एकदम चिडीचूप झालीं. आतां बेत मोडणार, असें सगळ्यांनीं धरलें असावें. वहिनी कांहीं वेळ कागदाकडेच पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तर मग पहिल्यांदा तेथल्या माणसाला विचारा. पंचांग मागाहून."

दुसऱ्या दिवशीं मीं दोन कामें केलीं. एक, मुंबईचें सरकारी भरती-ओहोटीचें कोष्टक मिळविलें आणि माझा कागद त्याच्याशीं ताडून पाहिला. द्वादशीच्या सकाळीं माझ्या हिशेबांत चाळीस मिनिटांची चूक निघाली. ती तांबड्या शाईनें दुरुस्त केली आणि कागद देवघराच्या भिंतीला डकविला. दुसरें, थळच्या ज्या होडीवाल्याचा ठावठिकाणा एका स्नेह्यानें दिला होता, त्याला दूरध्वनि केला. अकरा माणसें, त्यांत चार मुलें आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई, हें सगळें सांगितलें. पोहण्याचे पट्टे सगळ्यांना पुरतील एवढे आहेत काय, तेंही विचारलें. आहेत, असें तो म्हणाला. मग त्यानें विचारलें, "मास्तर, तुम्ही कोणती तिथ धरलीत?" मीं द्वादशी म्हटलें. "चालंल. सकाळी आठाला या. पण वारा सुटला तर मी नेणार नाय. आन् बेटावर मी चला म्हटलं की चलायचं, मग तुमचं बघून झालं असो का नसो."

मीं होय म्हटलें. त्याला ऐकूं गेलें नसावें म्हणून पुन्हां एकदां म्हटलें.

रात्रीं हें घरांत सांगितल्यावर वहिनींनीं कांहींच विचारलें नाहीं. सकाळीं पाहिलें तों त्यांच्या पिशवींत एक नारळ होता. समुद्राला वाहावयाचा काय, असें मीं विचारलें. "नाहीं," त्या म्हणाल्या, "समुद्राचा तेथें घेऊं. हा वेताळाचा. आपल्या अंगणांतला आहे."